व्हीलचेअरवरून रेल्वेप्रवास आणि हॉटेलातला मुक्काम : इंग्लंडमधून सोलापूरकरांसाठी

इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहायला आल्यापासून सोलापूरचे नातेवाईक मला एकच प्रश्न वारंवार विचारतात : व्हीलचेअर असताना तू एकटी रेल्वेने कशी फिरतेस आणि परक्या गावी हॉटेलात कशी उतरतेस? विचारणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी पक्षाघातानंतर चालणे बंद झालेले वडील आहेत, तर कोणाच्या आजीने गुडघ्यांमुळे उंबऱ्याबाहेर पडणेच सोडले आहे. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

येथील सर्व गाड्या फलाटाच्या पातळीत असतात, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. बहुतेक स्थानकांवर डबा आणि फलाट यांच्यात पायरीइतका फरक असतो आणि कर्मचाऱ्याने रॅम्प लावल्याखेरीज मला आत जाता येत नाही. लंडनमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गावर पॅडिंग्टन ते वुलिच या टप्प्यात फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत आहे. तेथे कोणालाही हाक न मारता, इतर प्रवाशांबरोबर मी सरळ गाडीत शिरते. माझ्या दृष्टीने याहून मोठी सोय नाही.

इतरत्र ‘पॅसेंजर असिस्ट’ ही विनामूल्य सेवा उपयोगी पडते. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत फोनवरून किंवा ॲपवरून गाडी, स्थानके आणि खुर्चीचे माप कळवायचे असते; साधारणपणे ७० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब खुर्ची गाडीत बसते. निघण्याच्या स्थानकावरील कर्मचारी मला डब्यात चढवून देतो आणि मी कोणत्या डब्यात आहे हे उतरण्याच्या स्थानकाला कळवतो, म्हणजे तेथे दुसरा कर्मचारी रॅम्प घेऊन उभा राहतो. आधी न कळवता स्थानकावर गेले तरी मदत मागता येते, फक्त थांबावे लागते. दिव्यांगांसाठीचे रेल्वेकार्ड घेतल्यास स्वतःच्या आणि सोबतच्या एका व्यक्तीच्या तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते.

ही साखळी कधीकधी तुटते. एका संध्याकाळी माझे स्थानक आले, दार उघडले आणि फलाटावर कोणीच नव्हते. गाडी पुढे निघून गेली असती तर मी रात्री भलत्याच गावी पोहोचले असते. शेजारच्या बाईंनी दारात उभे राहून ते बंद होऊ दिले नाही, तेवढ्यात गार्ड धावत आला आणि त्याने गाडीतलाच रॅम्प काढून मला उतरवले. तक्रारीनंतर भरपाई मिळाली, परंतु तेव्हापासून उतरण्याच्या एक स्थानक आधी मी गार्डला आठवण करून देते. एकट्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी.

हॉटेलाच्या बाबतीत मला अधिक काळजी घ्यावी लागते. इंग्लंडमधील नव्या बांधकामाच्या मार्गदर्शक नियमांनुसार दर वीस खोल्यांमागे किमान एक खोली व्हीलचेअरसाठी असावी लागते आणि २०१० च्या समानता कायद्यानुसार वाजवी सोयीसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. तरीही केवळ ‘सुगम्य खोली’ या शब्दांवर मी विसंबत नाही. पलंगाची उंची किती, कमोडच्या कोणत्या बाजूला खुर्ची लावता येते, शॉवरची जागा जमिनीच्या पातळीत आहे की टबात चढावे लागते आणि भिंतीला बसायची घडीची बैठक आहे का, हे सारे मी लेखी विचारून घेते. पलंग खुर्चीपेक्षा फार उंच असेल तर बाकी खोली कितीही सुरेख असली तरी माझ्या उपयोगाची नाही.

खोलीत गेल्यावर मी प्रथम स्नानगृहातील लाल दोरी पाहते. ती ओढली की मदतीची घंटा वाजते. तिला दोन लाल कड्या असतात. खालची कडी जमिनीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर असावी लागते, कारण घसरून पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर पोहोचतो. फरशी पुसताना अडचण नको म्हणून ती दोरी वर गुंडाळून नळीला गाठ मारून ठेवलेली मला अनेकदा आढळते. मी स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला बोलावून ती गाठ सोडवून घेते आणि ती का सोडायची हेही सांगते.

सोलापुरात माणसांची कमतरता कधीच नव्हती. सिद्धेश्वर एक्सप्रेसला मला निरोप द्यायला आलेले भाऊ, हमाल आणि अनोळखी प्रवासी मला खुर्चीसकट उचलून डब्यात ठेवत आणि त्या सर्वांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. परंतु उचलणारे चार हात मिळेपर्यंत ज्याला निघता येत नाही, तो प्रवास त्याच्या हातात नसतो. आपल्या उंच फलाटांपेक्षाही डब्याची जमीन बरीच वर असते. दिव्यांगांच्या डब्याचे दार रुंद असले तरी तो बहुधा गाडीच्या टोकाला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअर बांधण्याची जागा आणि दिव्यांगांसाठी शौचालय आहे, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे; तरी चढण्यासाठी रॅम्प लागतोच.

हॉटेल आणि लॉजच्या मालकांना तर कळकळीने सांगावेसे वाटते. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर येथे जाणारी किती कुटुंबे म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन सोलापुरात उतरतात! त्यांच्यासाठी मोठा खर्च करण्याआधी निदान मापे तरी जाहीर करावीत : दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, पायऱ्यांची संख्या, लिफ्टचे आतील माप. आत वळायला जागा असूनही केवळ दार अरुंद म्हणून खोली नाकारावी लागते.

डिसेंबरमध्ये मी सोलापूरला येत आहे. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे चुलतभावाने स्थानकाजवळच्या एका हॉटेलात चौकशी केली. मालकांनी स्नानगृहाच्या दाराला टेप लावून फोटो पाठवला : रुंदी ६१ सेंटिमीटर. माझी खुर्ची ६४ सेंटिमीटरची आहे. मी नकार कळवला, तेव्हा त्यांनी उलट फोन करून किती रुंदी लागते असे विचारले. मी ८० सांगितले आणि दार बाहेरच्या बाजूला उघडावे, असेही सुचवले.