कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन: हवा आत कुठून येणार ते आधी बघा

इंग्लंडमध्ये स्वयंपाकघरातला पंखा इमारतीच्या नियमांत येतो. शेगडीवर हूड असेल तर त्याने सेकंदाला किमान ३० लिटर हवा बाहेर टाकायला हवी. नुसता भिंतीतला पंखा असेल तर ६० लिटर. म्हणजे तासाला १०८ आणि २१६ घनमीटर. हूडला निम्म्यात भागतं, कारण धूर खोलीभर पसरायच्या आत तो ओढून घेतो. कोल्हापुरात पंखा घ्यायला निघालेल्यांनी तिथली ही एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: पंखा शेगडीच्या जितका जवळ, तितकं काम सोपं.

आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. तिथला मुख्य त्रास म्हणजे बंद खिडक्यांआड साठणारी वाफ आणि त्यातून भिंतीला धरणारी बुरशी. कांदा-लसूण मसाल्यासाठी संकेश्वरी मिरची आणि सुकं खोबरं भाजताना जो ठसका लागतो, त्याला एवढी हवा पुरत नाही. आपल्याकडे तासाला वीस वेळा खोलीतली हवा बदलेल असा हिशेब धरावा.

समजा खोली १० फूट लांब, ८ फूट रुंद, १० फूट उंच. झाले ८०० घनफूट, म्हणजे साधारण २२.७ घनमीटर. वीसपट केले की तासाला ४५४. जाळी, झडपा आणि वारा यांत थोडी हवा अडतेच, म्हणून खोक्यावर ६०० च्या आसपास आकडा असलेला पंखा घ्या. दुकानात ‘आठ इंची द्या’ एवढंच सांगू नका. एकाच मापाच्या दोन पंख्यांची हवा बरीच वेगळी असते. खोक्यावरचा घनमीटरचा आकडा वाचा. बारा इंची, १४०० फेऱ्यांचा लोखंडी पंखा घरात नकोच. त्याच्या आवाजाला कंटाळून घरातले तो बंदच ठेवतात. बारा इंचीच हवा असेल तर ९०० फेऱ्यांचा बघा.

आता खरा मुद्दा. पंखा तासाला जेवढी हवा बाहेर टाकणार, तेवढीच हवा घरात यायला हवी. दार-खिडक्या गच्च बंद असतील तर चांगला पंखाही नुसता घुमत राहतो. उलट पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवली, तर बाहेरची हवा तिथून येते आणि तशीच पंख्यातून निघून जाते. शेगडीवरचा धूर जागच्या जागी. वाट समोरच्या बाजूने हवी: समोरची खिडकी थोडी उघडी, नाहीतर दाराखाली बोटभर फट. उदबत्ती पेटवून शेगडीपाशी धरा. धुराची रेघ सरळ पंख्याकडे वाकली पाहिजे. ती खिडकीकडे भरकटली किंवा तिथेच गोल फिरली, तर पंखा बदलून उपयोग नाही, खिडकी बदला.

पंखा छताजवळ घ्या, पण जाळाच्या बरोबर वर नको; मोटर तापते आणि तेल थेट तिच्यावर बसतं. जमलं तर पश्चिमेची भिंत टाळा. कोल्हापूरचा पावसाळी वारा तिकडूनच झोडपतो, झडपा उलट्या ढकलतो आणि पाणी आत मारतो. दुसरी भिंतच नसेल तर बाहेरून खाली तोंड असलेली पत्र्याची टोपी बसवा. शिवाजी उद्यमनगरात मापाप्रमाणे करून मिळेल. भोकाचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा. भोक पात्यांच्या मापाने पाडू नका, चौकटीच्या मापाने पाडा, आणि कडेची फट सिलिकॉनने भरा. फट राहिली की बाहेर टाकलेला वास तिथून परत आत येतो.

चिमणी घेणार असाल तर सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडू देऊ नका. आडवा छेद निम्म्याहूनही कमी होतो. वळणारा ॲल्युमिनियमचा पाइप पूर्ण ताणून बसवा, सुरकुत्यांत हवा अडते. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास थोडा कमी करते, पण वाफ आणि उष्णता घरातच सोडते.

शेजारच्या न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर विशेष जपा. घर बंद असताना जोरदार पंखा त्या गीझरचा धूर उलटा घरात ओढू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिलिंडरचा गॅस गळल्याचा वास आला तर पंख्याच्या बटणाला हात लावू नका. बटणाच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या सताड उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, वरचा पंखा तो नीट काढतही नाही.

महिन्यातून एकदा वीज बंद करून पाती आणि झडपा गरम पाणी व सोड्याने पुसा, मोटर कोरडी ठेवा. पात्यांवर तेल कमी-जास्त जमलं की तोल जातो, पंखा थरथरतो आणि बेअरिंग लवकर झिजतं. झडपा तेलाने चिकटल्या तर पंखा पूर्ण वेगाने फिरूनही हवा जात नाही. बाहेरून एकदा नजर टाका, चालू असताना त्या आडव्या उघडलेल्या दिसायला हव्यात.