'गैरसोप्पा'ची नोंद, भाग ४ : घोडं रंगावर अडलंय

मंडळी, 'गैरसोप्पा' या जुन्या जहाजाची छोटी प्रतिकृती मी करतोय, तिचा सांगाडा पुरा झाला एकदाचा. १:२५० प्रमाणात ४१२ फुटांचं जहाज ५० सेंटिमीटर भरतं, म्हणजे टीव्हीखालच्या फळीवर जेमतेम मावतं. घरातून परवानगीही तेवढ्याच जागेची आहे. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर आयव्हरी कार्ड (जाड गुळगुळीत पुठ्ठा) तीनदा फाटलं. चौथ्यांदा किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी हळूहळू वळवलं, तेव्हा बसलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ५,२३७ टनांचं हे मालवाहू जहाज १९१९ साली इंग्लंडात जॅरोच्या पामर्स गोदीत बांधलं गेलं. ऑर्डर महायुद्धातली, त्यामुळे ठरलेलं नाव 'वॉर रोबक'. युद्ध संपलं आणि जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनकडे आलं. या कंपनीला हिंदुस्थानातली, शेवटी 'आ' येणारी नावं आवडत. शाळेच्या भूगोलात आपण घोकलेला शरावतीवरचा गिरसप्पाचा धबधबा, तेच हे नाव!

पुढची वीस वर्षं हिंदुस्थान, अतिपूर्व, ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका. माल भरा, माल उतरवा, कोळसा घ्या, निघा. जहाज गाजलं ते मात्र शेवटच्या एका फेरीमुळे.

१९४० च्या डिसेंबरात कलकत्त्याला चहा, कच्चं लोखंड आणि चांदीच्या विटा भरल्या. आफ्रिकेला वळसा घालून फ्रीटाउन, तिथून जानेवारीअखेर ब्रिटनकडे जाणाऱ्या ताफ्यात. वाटेत वादळ गाठलं. वाऱ्याविरुद्ध वेग टिकवायचा तर कोळसा जास्त खातो, आणि बंकरमध्ये (कोळशाच्या कोठीत) होता तो ब्रिटनपर्यंत पुरणार नव्हता. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात ताफा सोडून एकट्यानेच आयर्लंडच्या गॉलवेचा रस्ता धरला. १६ तारखेला जर्मन विमान डोक्यावर घिरट्या घालून गेलं आणि त्याच रात्री 'यू-१०१' पाणबुडीचा पाणतीर लागला. पुढची डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर वायरलेसची तार तुटली. वीसेक मिनिटांत सगळं बुडालं.

सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स यांच्या होडीत सुमारे तीस माणसं होती, बरेचसे हिंदी खलाशी. तेरा दिवसांनी होडी कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागली तेव्हा मोजकेच जिवंत होते, आणि तेही खडकांपाशी होडी उलटून गेले. वाचले एकटे एअर्स. काही शाळकरी मुलींनी होडी पाहिली आणि धावत जाऊन माणसं आणली.

चांदीची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, म्हणून भरभर: २०११ मध्ये अवशेष सापडले, सुमारे ४,७०० मीटर खोलीवर. २०१२ आणि २०१३ मध्ये मिळून २,७०० च्या वर विटा वर आल्या. ब्रिटनच्या टांकसाळीने त्यातून नाणी पाडली. मित्राकडचं एक हातात घेऊन पाहिलं. नखाएवढं, पण कडेवर जहाजाचं नाव कोरलेलं. भिंगाशिवाय मला वाचता आलं नाही, वय झालं. चांदीपेक्षा मला नवल वाटलं ते टपालाचं: तिथून सातशेच्या वर पत्रं निघाली, सत्तर वर्षं समुद्रतळाशी राहून वाचता येण्याजोगी.

आता मुद्द्याचं. रंग कोणता द्यायचा? कंपनीचा म्हणजे काळा सांगाडा, त्यावर पांढरी रेघ, काळ्या धुरांड्यावर दोन पांढरे पट्टे. शेवटच्या फेरीचं करायचं तर युद्धातला राखाडी, आणि मागे तोफ. आमच्या कंपूतल्या चौघांपैकी तिघे राखाडीच्या बाजूचे. "अहो, प्रसिद्ध फेरी तीच," हा त्यांचा मुद्दा.

मी काळाच देतोय. एकवीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस-वीस त्या रंगात गेली, आणि ज्या खलाशांनी ती सगळी वर्षं माल भरला-उतरवला त्यांच्याकडे बघायचं तर शांतताकाळचं जहाजच हवं. युद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांच्या नावांचं एक पुस्तक मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात ठेवलंय, दुसरं चित्तगावला. मुंबईचं पाहायला जायचं ठरवतोय. कुणी आधी गेलं असेल तर पाहायची परवानगी कशी मिळते, तेवढं सांगा.

कामाची रड: डेरिकसाठी (माल चढवा-उतरवायच्या दांड्यांसाठी) घासलेल्या बांबूच्या काड्या पावसाळी हवेने वाकल्या. सगळ्या काढून टाकल्या. आता गोधडी शिवायच्या लांब सुया लावून बघतो. पांढऱ्या रेघेला चिकटपट्टी लावावी की सरळ कागदाची पट्टी डकवावी, यावर हात बसलेल्यांनी बोला. मी रविवारी ब्रश धरणार आहे.