तुम्ही विचारलंत म्हणून : पेंग्विनला हात लावला का?

अंटार्क्टिकाहून आल्यापासून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर भेटणारी मंडळी, सोसायटीतली मुलं, अगदी आमच्या भाजीवाल्या मावशीसुद्धा एकच विचारतात, "काकू, पेंग्विनला हात लावलात का?" थंडी किती, पैसे किती लागले, हे सगळं त्यानंतर.

नाही लावला.

आमचं जहाज नोव्हेंबरच्या शेवटी अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघालं. पुढे दोन दिवस ड्रेक पॅसेजचा खवळलेला समुद्र. त्यातला बराच वेळ मी आडवी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना आपापले जाड कपडे, बूट आणि सॅक घेऊन खाली बोलावलं. टेबलांवर ब्रश आणि चिमटे मांडलेले, बाजूला व्हॅक्यूम क्लीनर. बाहेरचं बी किंवा मातीचा कण तिथल्या जमिनीवर जाऊ नये, म्हणून ही झडती. मी निर्धास्त होते, कारण सॅक घरी स्वच्छ धुऊन, वाळवून नेली होती. तरी तपासणाऱ्या मुलीनं पट्ट्याच्या वेल्क्रोतून चिमट्यानं काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कुसळ! दिवाळीच्या सुमाराला टेकडीवरून आलं की मोज्यांतून वेचत बसावं लागतं, तेच. ओल लागली की त्याचा पीळ फिरतो आणि टोक मातीत घुसतं. हे कुसळ पुण्याहून माझ्याबरोबर तिथवर आलं होतं.

आपलं कुसळी गवत त्या थंडीत उगवलं असतं असं मला वाटत नाही. पण अंटार्क्टिकाच्या सगळ्या जमिनीवर मिळून मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती दोनच, एक गवत आणि एक छोटी उशीसारखी वाढणारी वनस्पती. तिथे किंग जॉर्ज बेटावर 'पोआ अ‍ॅन्युआ' हे बाहेरचं गवत माणसांबरोबर आलं आणि रुजलं. त्या मुलीनं हे सांगितलं, तेव्हा तळहातावरच्या त्या काडीकडे मी किती तरी वेळ बघत होते.

क्युव्हरव्हिल बेटावर पहिल्यांदा उतरलो. रबरी बोटीत बसण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, परत आल्यावर पुन्हा धुवायचे. एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त शंभर माणसं. पेंग्विनपासून पाच मीटर लांब. बर्ड फ्लूची साथ तिथवर पोचल्यापासून खाली बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, सॅकसुद्धा जमिनीवर ठेवायची नाही. बर्फात पाय रुतून खड्डा पडला, तर तो आपणच बुजवायचा, नाहीतर पेंग्विन त्यात पडून अडकतो. माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. बुटानं बर्फ लोटून, दाबून मी तो खड्डा नीट सपाट केला. इतक्या मनापासून मी घरचं अंगणही कधी सारवलेलं नाही.

वास आधी येतो, सुकटीच्या बाजारासारखा. मग आवाज, शेकडो कर्कश हाका. हे जेंटू पेंग्विन, नारिंगी चोचीचे, डोळ्यांवर पांढरा पट्टा असलेले. घरटं म्हणजे खड्यांचा ढीग. एक जण खाली किनाऱ्यावर जाऊन खडा आणतो, जोडीदारापुढे ठेवतो, मान लववतो, पुन्हा निघतो. शेजारी बेसावध असला तर त्याच्या घरट्यातला खडा उचलतो. ये-जा करून बर्फात त्यांच्या खोलगट वाटा पडलेल्या असतात. त्या वाटेवर आपण पाय ठेवायचा नाही, ती ओलांडायची असेल तर त्यांना आधी जाऊ द्यायचं.

मी अशाच एका वाटेपासून अंतर राखून उभी होते. एक जेंटू वर येता येता थांबला, वाट सोडून सरळ माझ्याकडे वळला. गाईडनं लांबून हातानं खूण केली, हलू नका. तो आला, दोन हातांवर येऊन उभा राहिला. पिसांवर पाण्याचे थेंब होते, चोचीत करडा खडा. त्यानं एका डोळ्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, आणि माझ्या बाजूनं घरट्याकडे निघून गेला.

माझे दोन्ही हात खिशात होते.