कांग यात्से 2, तयारीची नोंद 9: डावी टाच अखेर बसली

लडाखमधल्या कांग यात्से 2 शिखरासाठी बर्फाचे बूट घालून इमारतीचा जिना चढायचा सराव चाललाय. गुरुवारी पहाटे चोवीस फेऱ्या पूर्ण झाल्या आणि डाव्या टाचेवर साधा लालसरपणासुद्धा नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. चौदाव्या मजल्याच्या पायरीवर बसून मोजा काढला आणि मोबाइलच्या उजेडात टाच फिरवून फिरवून पाहिली. घामाने सुरकुतलेली, पांढरी पडलेली, पण अखंड. इतका आनंद मला मागच्या वर्षी शिखराखालच्या निमालिंगच्या मुक्कामाला पोचल्यावरही झाला नव्हता.

फेऱ्यांचा हिशोब तोच आहे. तळापासून वरपर्यंत साधारण 42 मीटर, चोवीस वेळा चढलं की हजार मीटर. खाली येताना लिफ्ट, म्हणजे गुडघे वाचतात. पाठीवर 12 किलो, लिटरच्या बारा बाटल्या. वेळ 3 तास 5 मिनिटं आणि नाडी शेवटच्या चार फेऱ्या सोडल्या तर 140 च्या आत. बेसकॅम्प सुमारे 5,100 आणि माथा 6,250, म्हणजे समिटच्या रात्री साडेअकराशे मीटर चढायचंय, तेही याच्या निम्म्या वजनाने. हवा मात्र तिथे निम्म्याच्या आसपास असणार आणि त्याचा सराव मुलुंडमध्ये होत नाही. इथे दम आणि पाय तयार करता येतात, बाकीचं लडाखमध्ये गेल्यावरच.

आता टाचेबद्दल सविस्तर, कारण मार्चपासून माझा सगळा जीव तिच्यातच अडकला होता.

मागच्या जुलैअखेर याच शिखरावरून परत फिरावं लागलं, ती हकिगत नोंद 3 मध्ये आहे, इथे बुटांपुरतं सांगते. डबल बूट (बाहेर कडक बूट, आत वेगळा निघणारा मऊ लायनर) लेहमध्ये भाड्याने घेतले होते. माझ्या मापाचे शिल्लक नव्हते, म्हणून एक नंबर मोठे घेतले आणि दोन जाड मोजे चढवले. चढावर टाच उचलली जायला लागली, म्हणून लेस आवळली. तरी उचलली जात होती, म्हणून आणखी आवळली. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठीचे बुटाखालचे काटे, बांधताना तिसऱ्यांदा आवळली. सुमारे 5,850 वर लक्षात आलं की टाच दुखायची थांबलीय, पण बोटंही जाणवेनाशी झाली आहेत. गाइडने मला बर्फात सॅकवर बसवलं, बूट उतरवला आणि माझा पाय आपल्या जॅकेटच्या आत, थेट पोटावर धरला. तो माणूस दहा मिनिटं एक शब्द न बोलता तसा बसून होता. मग मला बूट घातला, लेस सैल बांधली आणि खाली वळवलं. पुढे गणपतीत आरतीला उभी असतानाही डावा अंगठा झोपलेलाच होता.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली होती: टाच धरण्यासाठी लेस आवळायची नाही. थंडीत शरीर आधीच हातापायांचं रक्त आखडतं घेतं, त्यात घोट्यापुढे दोरीने करकचून बांधलं तर बोटांपर्यंत पोचणार काय? दुहेरी जाड मोजेही त्याच कारणासाठी बाद. बुटात बोटं हलवायला जागा हवी आणि टाच तर हलता कामा नये. या दोन अटी एकाच वेळी पुऱ्या होत नव्हत्या, हेच ते कोडं.

या वर्षी बूट स्वतःचे आहेत, पुण्यातल्या एका गिर्यारोहकाकडून जुने घेतलेले. लांबी बरोबर आहे, उजवा पाय पहिल्या दिवसापासून छान बसला, भांडण फक्त डाव्याशी. मार्च-एप्रिलमध्ये काय काय केलं ते आधीच्या नोंदींत आहेच: घोट्याशी लेसला दुहेरी पीळ, वरच्या हुकांत टाच अडकवणारी बांधणी, पातळ आतला मोजा आणि वर लोकरीचा, जाड सुखतळा, मग पातळ सुखतळा. जाड सुखतळ्याने टाच वर आली आणि उलट जास्तच सुटी झाली. पातळ मोज्याने घर्षण कमी झालं, तो कायम ठेवलाय. बाकी सगळं आठव्या-नवव्या फेरीला फोडावर येऊन थांबायचं. मुंबईचा घाम यात भर घालतो, ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलते. त्यामुळे इथे जे टिकेल ते तिथे नक्की टिकेल, अशी माझी धारणा होती. ही धारणा लक्षात ठेवा, खाली तिच्याकडे परत यायचंय.

चिकटपट्टीबद्दल माझं मत आता ठाम आहे. केमिस्टकडची कागदी मायक्रोपोर घामात अर्ध्या तासात गोळा होते आणि तो गोळाच मग फोड आणतो. झिंक ऑक्साइडची कापडी पट्टी घ्या, रात्रीच कोरड्या पायाला लावा, कोपरे गोल कापा. माझी तीन-तीन दिवस टिकली आहे. पण पट्टीने कातडी वाचते, टाच बसत नाही. पट्टीवर भिस्त ठेवून सहा हजारी शिखरावर जाणं मला मान्य नाही.

मे महिन्यात भाच्याचे रंगीत खडू घेतले. डबल बुटात दोन जागा सुट्या असू शकतात: पाय आतल्या लायनरमध्ये सरकतो किंवा लायनरच बाहेरच्या बुटात सरकतो. म्हणून लायनरच्या आत टाचेला लाल खडू घासला आणि बाहेरच्या बुटात टाचेच्या जागी निळा. सहा फेऱ्या मारल्या आणि बूट खोलला. निळा जवळपास जसाच्या तसा होता. लाल मात्र मोज्यावर उभा फासला गेला होता. मोजपट्टीने मोजला, 11 मिलिमीटर. उजव्या पायाचा 4. म्हणजे बूट निर्दोष, लायनरही जागेवर, पायच आत वरखाली होतोय. इथपर्यंत समजलं, पुढे काय करायचं ते सुचेना. टाचेच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे चिकटवून पाहिले. मिलिमीटर 9 वर आले आणि घोट्याचं हाड दुखायला लागलं.

उत्तर मिळालं दादर स्टेशनबाहेर. माझ्या ऑफिसच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून तिथल्या मोचीकाकांकडे बसले होते. पिशवीत दोन्ही लायनर होते, कारण त्या दिवशी एका दुकानात फोम बघायला जायचं होतं. सहज डावा काढून दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, शिवण दाबून पाहिली, म्हणाले, "घाला बघू." मी तिथेच स्टुलावर बसून घातला. त्यांनी मला लेस नेहमी बांधते तशी बांधायला सांगितली आणि मग जिभेखाली, म्हणजे लेसखालच्या पट्टीखाली, दोन बोटं सरकवली. दोन्ही बोटं पेरापर्यंत आत गेली.

"ताई, टाचेला काही झालेलं नाही. तुमचा पाय वरून चपटा आहे. इथे मोकळं आहे, म्हणून पाय पुढे जातो आणि टाच मागची जागा सोडते. तुम्ही मागे भरताय, भरायला हवं वर."

मी तीन महिने जिथे फोड येतो तिथेच बघत होते. उजव्या पायाच्या जिभेखाली त्यांचं एक बोटही धड जाईना. माझे दोन पाय उंचीला इतके वेगळे आहेत, हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

काकांनी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा काढला, रापीने पानाच्या आकाराचा कापला, कडा तासून पातळ केल्या, म्हणजे आत टोचणार नाही. सोल्युशनने चिकटवणार का विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. घामाने आणि गरमीने सुटेल, म्हणाले. आरीने जिभेच्या फक्त वरच्या अस्तरात टाके घेतले, आरपार नाही, कारण आत गाठ आली तर ती पायाला लागते. वीस मिनिटांचं काम, त्यात दोन गिऱ्हाइकांना थांबवलं. दीडशे रुपये झाले. मी जास्त देऊ केले तर घेतले नाहीत, म्हणाले, आधी डोंगर चढून या.

याआधी एका मोठ्या दुकानात मला बूटच बदलायला सांगितलं होतं, तेही पाय हातात न घेता. ज्यांना फिटिंगचा त्रास आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: नवा बूट घेण्याआधी चांगल्या मोचीसमोर बसा आणि लेस बांधलेल्या बुटात जिभेखाली बोटं घालून पाहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खडू. 11 चे 3 मिलिमीटर. लेस पूर्वीपेक्षा एक घर सैल, बोटं मोकळी हलतात. मग गुरुवारच्या चोवीस फेऱ्या, ज्यांनी ही नोंद सुरू केली.

इथवर लिहून झालं आणि चहा ठेवायला उठले, तेव्हा एक गोष्ट खटकली. मी सगळ्या चाचण्या पहाटे साडेचारला केल्या आहेत. आठ तास आडवं राहिल्यावर पाय दिवसातला सगळ्यात बारीक असतो. समिटला निघायचं रात्री अकरा-साडेअकराला, तेही दिवसभर बेसकॅम्पवर वावरल्यावर. शिवाय उंचीवर हातपाय सुजतात. मागच्या वर्षी निमालिंगला माझी अंगठी निघेना, साबण लावून काढावी लागली होती. म्हणजे मुलुंडमध्ये पहाटे बेतशीर बसणारा नमदा 5,100 वर रात्री घट्ट होणार आणि घट्ट म्हणजे पुन्हा तोच झोपलेला अंगठा. इथे टिकेल ते तिथे टिकेल, हे फोडांबद्दल खरं असेल, रक्ताबद्दल नाही.

त्यामुळे दोन बदल. पहिला: नमदा शिवलेला नको, काढता-घालता येणारा हवा. काकांकडे परत जाऊन जिभेवर वेल्क्रोची एक बाजू शिवून घेणार आणि नमद्याच्या दोन जाडीच्या पट्ट्या करून घेणार, एक आताची आणि एक निम्मी. बेसकॅम्पवर पाय बघून ठरवायचं, दोन्ही खिशात राहतील. दुसरा: चाचणी संध्याकाळी. सीएसएमटीहून मुलुंडपर्यंत गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून आलं की पाय जेवढे सुजतात तेवढे पहाटे कधीच नसतात. घरी येऊन चहासुद्धा न घेता थेट बूट आणि बारा फेऱ्या. नवव्या मजल्यावरच्या काकूंना सांगून ठेवलंय, संध्याकाळी त्यांची सिरियल असते आणि माझे बूट जिन्यात दणदणतात. त्या म्हणाल्या, "बिनधास्त चढ गं, दार लावून घेईन."

रविवारचं कळसूबाई मात्र डबल बुटांतून रद्द. पाऊस लागलाय, आपला कातळ शेवाळलेला असतो आणि त्या न वाकणाऱ्या सोलला ओल्या दगडावर काहीच पकड नसते. शिड्यांवर तर नकोच. पायथ्याच्या बारी गावाहून नेहमीचे ॲक्शन ट्रेकिंगचे बूट घालून जाणार, डबल बूट वजन म्हणून सॅकमध्ये. ओल्या सह्याद्रीत त्या स्वस्त रबराला अजून तोड नाही, असं माझं मत आहे.

मार्गाबद्दलही मन बदललंय. गटाचा बेत चोकदोहून कोंगमारू ला ही खिंड ओलांडून निमालिंगला उतरायचा होता, दिवस वाचतात म्हणून. पण लेहच्या साडेतीन हजारांवरून दोन-तीन दिवसांत 4,800 वर झोपायला जाणं मला आता पटत नाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रात्रीला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम आपण सगळेच सांगतो आणि सुट्ट्या मोजताना विसरतो. मारखा खोऱ्यातून, स्कियूहून मारखा, हंकर, थाचुंगत्से असं चालत गेलं तर दोन दिवस जास्त लागतात. थाचुंगत्सेहून निमालिंगची शेवटची उडी तरी मोठीच राहते, तिथे एक जादा रात्र मागणार आहे. पाय हळूहळू सुजू देत, म्हणजे नमद्याची पट्टी कुठली लावायची तेही आधीच कळेल. गटातल्या दोघांनी होकार दिलाय. तिसऱ्याच्या रजेचा प्रश्न आहे, त्याच्याशी उद्या बोलते.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं डॉक्टरांशी बोलून झालं, सल्फाची ॲलर्जी नाही, 125 मिलिग्रॅम दोन वेळा. ऑक्सिमीटर नवा घेतलेला नाही, जुनाच नेणार. बोट गार असेल तर कुठलाच धड आकडा दाखवत नाही. आधी हात काखेत गरम करा, मग लावा आणि एका आकड्याने घाबरण्यापेक्षा रोजचा कल बघा.

कोणी लायनरच्या जिभेवर वेल्क्रो वापरलं असेल तर एवढं सांगा: घामाने भिजून रात्री गोठल्यावर त्याची पकड राहते का? नसेल तर टिचबटणं लावायचा विचार आहे. सोमवारी ऑफिसच्या पिशवीत लायनर घेऊन दादरला उतरणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.