पितृपंधरवड्यात जैसलमेर

मुंबईहून जैसलमेरला जायचं म्हटलं की दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी ठरलेली. खोल्यांचे भाव चढलेले, किल्ल्याच्या चढावर चेंगराचेंगरी. आमचं स्पष्ट मत: सप्टेंबरअखेर ते दसरा या दिवसांत जा.

आपण ज्याला परतीचा पाऊस म्हणतो, तो परतीला निघतोच मुळी पश्चिम राजस्थानातून. हवामान खात्याची तिथली सरासरी तारीख १७ सप्टेंबर, मुंबईची ८ ऑक्टोबर. म्हणजे आपल्याकडे छत्री अजून दारामागे लटकलेली असते, तेव्हा तिकडे आभाळ स्वच्छ झालेलं असतं. मे-जूनची लाही संपलेली असते, थंडीची गर्दी अजून आलेली नसते.

मात्र दिवस ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत पोखरणजवळ रामदेवऱ्याला बाबा रामदेवांची जत्रा भरते. आपल्या गणपतीच्याच सुट्टीत जोधपूर-जैसलमेर रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची रीघ असते आणि गाड्या भरून वाहतात. विसर्जनानंतर हे सगळं ओसरतं. ज्या वर्षी अधिक मास होऊन गेलेला असतो, त्या वर्षी पितृपंधरवडा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सरकतो. ते सर्वांत उत्तम. घरी श्राद्धाची तिथी असेल तर ती करून निघा.

वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे. ती हुकली तर सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर आणि पुढे रस्त्याने सुमारे २८५ किलोमीटर, पाच-सहा तास. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डबा वातानुकूलितच घ्या. स्लीपरच्या खिडक्यांतून पुढच्या टप्प्यात बारीक रेती येत राहते.

आता उन्हाचं. दुपारी पारा ३६-३८ पर्यंत जातोच. पण आपली ऑक्टोबर हीट घामाची, ही कोरडी. घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही, आणि मुंबईचा माणूस फसतो तो इथेच. तहानेची वाट पाहू नका. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. घाईत अर्ध्या बाटलीत ओतलं तर मीठ-साखरेचं प्रमाण चढतं आणि उलट त्रास होतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला ओढणी किंवा पंचा, नाक आणि ओठांना व्हॅसलीन.

सूर्य तिकडे या दिवसांत साडेसहानंतर उगवतो. त्या वेळी गडीसर तलावावर असा. चौदाव्या शतकातल्या रावळ गडसींच्या नावाचा हा तलाव पावसाचं पाणी साठवून कित्येक शतकं शहराला पाजत आला. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या गावात, पाऊस नुकताच सरल्यावर हे पाणी पाहण्यात मोठा अर्थ आहे. एवढा पाऊस आपल्याकडे कधी कधी एका दिवसात पडतो.

तिथून थेट किल्ला. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर तो उभारला. बुरूज ९९, आणि आत आजही माणसं राहतात. अखै, सूरज, गणेश, हवा असे चार पोळ, म्हणजे दरवाजे, ओलांडत चढायचं. हवा पोळमध्ये नावाप्रमाणे वारा खेळतो, तिथे थांबून घ्या. जैन मंदिरं दुपारपूर्वी उरका. इतर प्रवाशांना प्रवेश साधारण सकाळच्याच वेळात मिळतो. कातडी पट्टा आणि पाकीट आधीच खोलीवर ठेवा, नाहीतर दारातून परत फिरावं लागतं.

मुक्काम मात्र किल्ल्यात करू नका, कितीही मोह झाला तरी. पूर्वी पाणी वर वाहून न्यावं लागे, त्यामुळे ते बेतानंच वापरलं जाई. आता नळ, शॉवर, संडास आले. त्यांचं झिरपणारं पाणी पायाखालची माती भुसभुशीत करतं आणि बुरूज-भिंती खचतात. खाली शहरात गच्चीवरून किल्ला दिसेल अशी खोली घ्या.

बारा ते चार खोलीतच. चारनंतर पटव्यांच्या पाच हवेल्या आणि नथमल हवेली पाहा. नथमल हवेलीचे डावे-उजवे भाग दोन भावांनी घडवले असं सांगतात. दोन्ही बाजू नीट ताडून पाहा, नक्षी हुबेहूब जुळत नाही. झरोके पुढे काढल्यामुळे आणि दगड खोल कोरल्यामुळे भिंत स्वतःवरच सावली धरते. दिवसभर तापलेला दगड मात्र संध्याकाळी उष्णता सोडतो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला टेकू नका.

सम या गावचे वाळूचे डोंगर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. पाचच्या आत पोचायची घाई नको. सप्टेंबरात तिथले बरेच तंबू उभे राहिलेले नसतात, तेव्हा रात्री शहरात परतायची सोय आधीच ठरवा. अंधार पडल्यावर वाळूत अनवाणी फिरू नका. कोकणातल्या माणसाला माहीत असलेलं फुरसं, हा विषारी साप, तिकडेही आहे, आणि पावसाळ्यानंतरच्या उबदार रात्री ते बाहेर असतं. बंद बूट आणि हातात बॅटरी, एवढं पुरे.