लाकडं खणखणली पाहिजेत

आमच्याकडे दापोलीत थंडी म्हणजे काय, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे कानटोपी लागते आणि दहा वाजता घाम येतो. घर तापवायची वेळ काही येत नाही. पण मामेभाऊ कॅनडात असतो, त्याच्या घरात लाकडाची शेगडी आहे आणि सप्टेंबर लागला की तो दुसरं काही बोलतच नाही, किती कॉर्ड आली, किती उतरवायची राहिली. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार उंच, आठ लांब अशी रचलेली थप्पी, 128 घनफूट. व्हिडिओ कॉलवर त्याने ती कौतुकाने दाखवली तर आई म्हणाली, "एवढीच? पाहुणे आले की अंघोळीचं काय करतोस रे?"

कारण आमच्याकडे लाकडं म्हणजे पाणचूल. गॅस आहे, सोलर पण बसवलंय (पावसात ते शोभेला), पण अंघोळीचं पाणी अजून मागच्या पडवीत चुलीवर, तांब्याच्या हंड्यात. आणि हिशोब हिवाळ्याचा नसतोच मुळी, पावसाचा असतो. मृगाच्या आधी जेवढं पडवीत गेलं तेवढं आपलं, नंतर बाहेर राहिलेलं काय ते वाळवीचं. चार महिने भिंतींना ओल येते, डबे चिकट होतात, अशा वेळी ती पाणचूल हाच आमचा हीटर, तिच्यावरच्या वलणीवर सगळ्यांचे कपडे वाळतात आणि मुलगा शाळेत धुराचा वास घेऊन जातो. तिथे सगळ्यांनाच येतो म्हणून कोणी बोलत नाही एवढंच.

मी पुण्याहून इथे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मे महिन्यात टेम्पोभर लाकडं घेतली. स्वस्त मिळाली म्हणून मी खूश. देणारा म्हणाला एकदम सुकी आहेत, मला काय कळतंय. आईने टेम्पोतून दोन ढलप्या काढल्या, एकमेकींवर आपटल्या. थब. परत आपटल्या. थब. "ओली आहेत," म्हणाली आणि आत गेली. मग घरातली जुनी दोन खांडं आणून वाजवून दाखवली, ती खणखण वाजली, अगदी टाळ वाजावेत तशी. तो पावसाळा कसा गेला विचारू नका. लाकूड चुलीत घातलं की दुसऱ्या टोकाने फस्स करून फेस यायचा, डोळ्यात धूर, आणि हंडा आपला कोमटच. कॅनडावाल्याकडे ओलावा मोजायचं मीटर आहे, वीस टक्क्यांच्या खाली आलं की जाळायचं म्हणतो. त्यालाही आईने वाजवून बघ म्हणून सांगितलंय.

दुसऱ्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ आलं. 2020. अंगणात फणस, मागे दोन आंबे, कडेची काजू, सगळं आडवं. गंमत बघा, दारात आयुष्यभराची लाकडं पडलेली आणि चुलीत घालायला धड एक नाही, कारण सगळी ओली आणि पडवीची कौलं उडाल्याने आतली पण भिजलेली. लाईट कित्येक दिवस नव्हती. तेव्हा नारळाची सोडणं, करवंट्या, माळ्यावरची चुडतं, झालंच तर एक मोडकी खिडकी, असं काय काय जाळलं. फणसाचा बुंधा मात्र आईने कोणाला हात लावू दिला नाही, आतून पिवळाधम्मक गाभा, त्याच्या फळ्या काढल्या. बाकी फांद्या आणि आंबे उन्हाळाभर वाळवले, दोन पावसाळे पुरले.

आता मी बरा तयार झालोय. जड लाकडं खाली, फाटी वर, थप्पी भिंतीपासून वीतभर लांब म्हणजे वारा फिरतो, आणि हात घालायच्या आधी काठीने आपटायचं, कारण फुरसं. तरी दिवाळीनंतर खड्डा पडतोच. थंडीत चाकरमानी येतात, त्यांची पोरं अर्धा-अर्धा तास न्हाणीत, आणि मी बाहेर उभा राहून एकेक खांड आत जाताना बघतो. बोलता तर येत नाही.

तेवढ्यातून उरलं की शिमगा. होळीला लाकडं पळवायची हा पोरांचा हक्कच, ओरडायचं पण मनापासून नाही असा रिवाज. आम्ही पण पळवली होती. यंदा रात्री साडेअकराला मागच्या पडवीत आवाज आला. बॅटरी घेऊन उठलो, आई पण जागीच होती, तिने हाताने थांब म्हणून खुणावलं. अंधारात कोणीतरी लाकडं एकमेकांवर आपटत होतं. थब. ठेवलं. थब. ठेवलं. मग खणखण.

"आपलाच आहे," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.