आजीचा अनंत: गुटीला मुळं आली

आजीच्या अनंताच्या झाडावर बांधलेल्या गुटीत अखेर मुळं दिसली. गुटी म्हणजे फांदी झाडावरच ठेवून, साल काढलेल्या जागी ओलं मॉस (शेवाळ) बांधून तिला मुळं फोडणं. प्लास्टिकच्या आत पांढरी, जाडसर, मॉसमधून आरपार गेलेली. तरी फांदी अजून तोडलेली नाही. मुळं जरा तपकिरी होऊन त्यांना बारीक उपमुळं फुटली की मगच कात्री लावणार. कोवळी पांढरी मुळं कुंडी भरताना फार मोडतात.

कृती नेहमीचीच. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची फांदी. दोन सेंटीमीटर रुंद सालीचं कडं काढलं आणि खालचा बुळबुळीत थर पात्याने नीट खरवडला. तो राहिला तर झाड पुन्हा साल धरतं आणि मुळांचं नावच नाही. मुळं फुटायला मदत करणारी आयबीए (संप्रेरक) पावडर कड्याच्या वरच्या काठाला, कारण पानांतलं अन्न सालीतून उतरताना तिथेच अडतं. भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस, त्यावर प्लास्टिक, वरून उजेड अडवायला फॉइल.

छाटाने, म्हणजे फांदी कापून मातीत खोचून, होत असताना हा खटाटोप कशाला? कारण झाड थकलंय, धड फांद्या मोजक्याच. छाट कुजला की फांदी गेली. गुटीला मुळं नाही फुटली तरी आतल्या लाकडातून पाणी वर चढत असतं, त्यामुळे पुढचा मार्ग शोधायला वेळ मिळतो. आठवणीच्या झाडावर मी याहून जास्त जोखीम घेत नाही.

थकव्याचं मूळ पाण्यात होतं. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाची चणचण. अनंताला मातीचा सामू (पीएच) 5 ते 6 च्या आसपास हवा. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे तो चढला की मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. आता साठवलेलं पावसाचं पाणी आणि ईडीडीएचए चिलेट (लोह मुळांना उचलता येईल अशा रूपात धरून ठेवणारं खत) चालू आहे. ईडीटीए चिलेट सहज मिळतं, पण सामू 6.5 च्या वर गेला की ते फारसं टिकत नाही. नवी पालवी हिरवीगार आलीय. जुनी पानं मात्र पिवळी ती पिवळीच.

बाबांच्या गुलाबावरून घरात थोडा अबोला आहे. जोडाखालून जोमदार फूट आली, सगळे खूश, आणि मी ती बुडातून ओढून काढली! डोळा भरलेलं झाड आहे, म्हणजे बाबांच्या गुलाबाचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या मुळं असलेल्या खुंटावर बसवलेला; ती फूट त्या खुंटाची होती. वाढू दिली असती तर वरचा गुलाब तिच्यापुढे हळूहळू मेला असता आणि आपण भलत्याच गुलाबाला बाबांचा म्हणत पाणी घालत बसलो असतो. जोडावरच्या काडीचे डोळे नव्या खुंटावर भरलेत. एक काळा पडला, एक हिरवा आहे. फुगला तरच त्याला धरला म्हणायचं.

ब्रह्मकमळाची चिंता नाही. पानासारखा दिसणारा चपटा खोडाचा तुकडा खोचला तरी ते लागतं. निम्म्या नातलगांकडे पोचलंय.

अनंताचा प्रश्न वेगळाच निघाला. ताईला गुटीचं रोप नको, आजीची कुंडीच हवी. रोप जनुकांनी तंतोतंत तेच आहे हे तिला मान्य आहे. पण त्या कुंडीतली माती आजीने उकरलेली, याला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा कुंडी ताईकडे, गुटी माझ्याकडे. फक्त बहर संपेपर्यंत कुंडी हलवू देणार नाही. जागा बदलली की अनंत कळ्या टाकतो, आणि यंदा बऱ्याच कळ्या धरल्यात.